शुक्रवारचा पहिला शो

अतिरेक्यांचा सिनेमा चालू असला की सगळं थिएटर बॉम्बकडे बघायचं आणि आमचे बिरादारसाहेब कपाटाकडे. "बघ, बघ! गुप्त कागदांच्या कपाटाला कुलूप नाही!" असं ते मोठ्यांदा म्हणायचे. पुढच्या रांगेतले लोक वळून बघायचे. साहेबांना फिकीर नसे.

बिरादारसाहेब आमच्या सरकारी कचेरीत रेकॉर्ड सेक्शनचे अधिकारी. घर काचीगुड्याला, मूळ गाव उदगीरकडचं. देशाच्या सुरक्षेबद्दल त्यांचं मत एकच, आणि पक्कं. देशाला शत्रूपेक्षा निष्काळजी कारकुनाचा धोका जास्त. "फाईल टेबलावर उघडी टाकून हीरो गाणं म्हणायला जातो? सस्पेंड करा त्याला!" पडद्यावरच्या मंत्र्यानं फोनवर हल्ल्याचा हुकूम दिला की हे खुर्चीत उसळलेच. "तोंडी हुकूम? लेखी कुठाय?" घरी येऊन ते वहीत रीतसर शेरा लिहीत. 'सिनेमा पाहिला. गृहमंत्री दोषी. हीरो शूर, परंतु रजेचा अर्ज दिलेला नाही.' सिनेमा कोणत्याही पक्षाची तळी उचलणारा असो, शेऱ्यात भेदभाव नसे.

असला प्रत्येक सिनेमा ते दोनदा बघत. शुक्रवारी अर्धी रजा टाकून पहिला शो एकट्यानं, आणि रविवारी करीमसाहेबांबरोबर, तेव्हा कधीमधी मीही असे. करीमसाहेब म्हणजे त्यांच्या समोरच्या टेबलावरचे, वीस वर्षांचे सोबती. मूळचे कर्नूलचे, राहायला अफझलगंजला. कधीकधी मात्र शनिवारी साहेब जाहीर करत, "नक्को करीमसाब, साउंड खराब है." मग रविवार रद्द.

एका शुक्रवारी त्यांनी मला बरोबर नेलं. साउंड कान फाटतील इतका उत्तम होता. सिनेमात एक म्हातारा कारकून होता. पाच वेळा नमाज पढणारा, सगळ्यांपुढे आपला जेवणाचा डबा धरणारा. मध्यंतरानंतर बॉम्ब त्याच्याच डब्यातून निघाला. लोकांनी शिट्ट्या मारल्या, मागून कोणीतरी घाणेरडं ओरडलं. साहेब कपाटंबिपाटं सगळी विसरले आणि मान खाली घालून बसून राहिले. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "आपले करीमसाबपण असाच डबा पुढं करतात रे."

दुसऱ्या दिवशी साउंड खराब निघाला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

त्याच सुमारास राज्याचे दोन तुकडे होत होते. आमच्या सेक्शनचीही वाटणी झाली. फायली, खुर्च्या, पंखे, आणि शेवटी माणसं. करीमसाहेब मूळ गावामुळे पलीकडच्या राज्याच्या यादीत गेले. जाणाऱ्यांच्या निरोपाला सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायचं ठरलं, आणि उत्साही मंडळींनी तिकिटं आणली ती नेमकी त्याच सिनेमाची. वीस वर्षांच्या सोबतीचा शेवट त्या डब्यानं होणार होता. साहेबांचा चेहरा बघवेना.

"त्या थिएटरात ढेकूण आहेत," ते म्हणाले. कोणी ऐकेना. "एसी बंद असतो." सगळे हसले. "अरे, छताचं प्लास्टर पडतं!" आवाज चिरकला तसे करीमसाहेब आपल्या टेबलावरून उठून आले.

"कायकू इत्ते परेशान होरे, बिरादारसाब? वो पिक्चर मैं देख लिया. बेगम के साथ, पहलेच हफ्ते में."

साहेब मटकन खाली बसले.

"और आप जो जो पिक्चर नक्को बोले, वो सब देख लिया."

"फिर बोले कायकू नै?"

"आप इत्ती मेहनत से छुपा रे थे. कैसा बोलूँ?"

साहेब अगदी हळू म्हणाले, "मेरेकू डर था. पिक्चर देखके आप मेरेकू भी वो सीटी मारनेवालों में गिनेंगे बोलके."

कुलपं लावत फिरणारा हा माणूस इतकी वर्षं ही एकच भीती पोटात घेऊन वावरत होता.

करीमसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आपकू सीटी मारना आताच किधर है?"

साहेब आधी हसले, मग रडले, आणि मग दोन्ही एकदमच करू लागले.