दुधाचा काढा

"हे काय उकळतंय गं?" क्रस्तिन्या आजीने, विदाच्या सासूने, चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचललं आणि आत डोकावून पाहिलं.

विदाच्या हातातला डाव तिथल्या तिथे थांबला. स्वयंपाकघरात त्या वेळी माणसं बरीच होती. नवरा मिलादिन लाकडांच्या पेटीवर बसून बुटांना चरबी चोळत होता. शेजारची रादोयका कॉफीला म्हणून आली होती आणि कपातला गाळ दिसायला लागला तरी उठत नव्हती. चुलीजवळच्या पलंगावर सून तियाना तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. एवढ्या माणसांत, सासूसमोर, बावन्न वर्षांच्या बाईने काय सांगावं? की आई, माझी पाळी गेली, वर्षभर अंगातून जाळ उसळतोय, घामाने सदरे भिजतात, आणि हा काढा मी माझ्यासाठी बाजारातून गुपचूप आणलाय?

"तियानासाठी आहे," विदा म्हणाली. "दूध चांगलं यावं म्हणून."

विदा खोटं बोलणारी बाई नव्हे. बुधवार-शुक्रवारचा उपास तिने कधी मोडला नव्हता. ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात तर तेलाचा थेंबही घेत नसे, आणि संत निकोलाच्या तसबिरीपुढे सकाळी दिवा लावल्याशिवाय ती चुलीला हात लावत नसे. खोटं बोलायची सवयच नसल्यामुळे तिचं खोटं कुणाला ओळखूही आलं नाही.

"बघ, याला म्हणतात सासू," रादोयका तियानाला म्हणाली. "माझ्या सासूने बाळंतपणात मला काय दिलं ठाऊक आहे? सल्ला."

आजीने लगेच कप भरला आणि नातसुनेच्या हातात ठेवला. तियानाने एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि मग शहाण्या मुलीसारखा सगळा कप संपवला. "छान आहे, आई," ती म्हणाली.

पाल्याचं तर पाणी, विदाने मनाशी म्हटलं. त्याने काय व्हायचंय? प्यायली तर प्यायली.

तो पाला झाल्फियाचा होता, राखट हिरवा, केसाळ पानांचा, वर थोडा पुदिना घातलेला. बाजारात जडीबुटी विकणाऱ्या बाईने, स्मिल्याने, पुडी बांधता बांधता सांगायला सुरुवात केली होती, "गार करून पी, मध घाल, कडू लागतो. आणि हे बघ, घरात जर का..." तेवढ्यात विदाला मागे उभा असलेला देवळातला गायक दिसला. बाईमाणसाची गोष्ट त्याच्या कानावर कशाला, म्हणून तिने पुडी पिशवीत कोंबली आणि चालू लागली. स्मिल्याचं वाक्य अर्धंच राहिलं. पुढे विदाला त्या अर्ध्या वाक्याची फार आठवण आली.

चार-पाच दिवसांत बाळ किरकिर करायला लागलं. पाजून झालं तरी रडायचं, मुठी चोखायचं. तियानाचं दूध कमी पडत होतं.

कारण आजीला लगेच सापडलं. त्या खोऱ्यात माणसं तापाने जात, म्हातारपणाने जात, एक जण ट्रॅक्टर उलटून गेला. पण खरं कारण विचारलं तर उत्तर एकच, आरपार वारा. दोन खिडक्या समोरासमोर उघड्या राहिल्या की मधल्या माणसाची धडगत नाही. आणि या घरात गेलं वर्षभर खिडक्या कोण उघडत होतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

"विदा, तुझं काय चाललंय मला कळत नाही," आजी म्हणाली. "बाहेर गुडघाभर बर्फ आणि तू खिडकीत उभी राहतेस. ओल्या बाळंतिणीच्या पाठीला वारा लागला, दूध आत गोठलं. माझा दीर असाच गेला."

"त्यांना कुठे दूध येत होतं, आई," मिलादिन म्हणाला.

"तू गप्प बस. चिंध्या आण."

मिलादिनने खिडक्यांच्या फटींत चिंध्या ठासल्या. दाराखाली घोंगडी गुंडाळून ठेवली. चुलीत लाकडं दुप्पट पडू लागली. आत भट्टी झाली आणि त्या भट्टीत विदा मेणबत्तीसारखी वितळू लागली. पीठ मळताना, सूप ढवळताना, जाळ पायांतून उठायचा तो थेट केसांच्या मुळांपर्यंत जायचा. मग काय, काढा आणखी हवा. तिने मोठं पातेलं काढलं.

"बघा, किती जीव तोडून करतेय सुनेसाठी," आजी मोठ्या पातेल्याकडे बघून म्हणाली, आणि तियानाचा एक कप होता त्याचे दोन केले.

दूध आणखी आटलं. आजीने चिंध्या आणखी ठासल्या. विदा आणखी तापली. पातेलं आणखी मोठं झालं.

आता अडचण अशी झाली की काढा सुनेचा म्हणून जाहीर झालेला. विदाला स्वतःच्या घरात तो चोरून प्यावा लागे. एकदा भांडारात ती पातेलंच तोंडाला लावून उभी असताना मिलादिन आत आला.

"तू कशाला पितेस दुधाचा काढा?"

"चव बघतेय," विदा म्हणाली आणि तोंड पुसलं.

मिलादिनने मनातल्या मनात हिशेब मांडला. बायको हल्ली लाल होते, चटकन रडते, झोपत नाही, पूर्वी महिन्याला उन्हात वाळायचे ते फडके त्याला कित्येक दिवसांत दोरीवर दिसले नव्हते. आणि आता दुधाचा काढा. दुसऱ्या दिवशी मळणीच्या खोलीतून करवतीचा आवाज येऊ लागला. संध्याकाळी तो हळूच येऊन म्हणाला, "विदा, हे बघ, काय असेल ते असेल. देवाची इच्छा. मी अक्रोडाचं लाकूड काढलंय, दुसराही पाळणा होईल."

विदा जागच्या जागी पेटली. त्या वेळचा जाळ मात्र नुसता वयाचा नव्हता. "तुम्ही करवत ठेवा," एवढंच ती म्हणाली, कारण पुढे सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं.

या सगळ्यात तियाना मात्र गप्प गप्प होत गेली. ती शहरातली मुलगी. तिची आई जर्मनीत म्हाताऱ्यांची सेवा करायला गेलेली, नवरा लाझार ट्रक घेऊन देशोदेशी. घरात तिला माणूस म्हणजे विदा. दवाखान्यातली नर्स येऊन डब्याच्या दुधाचं सांगून गेली तेव्हा तियानाने मान हलवली आणि बाटली धरताना तोंड भिंतीकडे केलं.

"आई," तिने एकदा विचारलं, "काही बायकांना देवानेच कमी दिलेलं असतं का हो?"

"नाही गं बाळा," विदा म्हणाली, "काढा घे, येईल." आणि स्वतःच्या हाताने कप पुढे केला.

पुडी संपली तशी विदा पुन्हा बाजारात गेली. या वेळी मागे कुणी नव्हतं.

"मोठी पुडी?" स्मिल्याने विचारलं. "एकटीला एवढी लागते?"

"सूनही घेते थोडा. बाळंतीण आहे."

स्मिल्याचे हात थांबले. "पाजते?"

"हो."

"अगं बाई, मागच्या खेपेला हेच सांगत होते तर तू पळालीस. झाल्फिया आटवते. तुझा घाम आटवते तसं तिचं दूधही आटवणार. मूल अंगावरून तोडायचं असलं की बायका माझ्याकडून हीच नेतात."

विदा तिथेच बटाट्यांच्या पोत्यावर बसली. स्मिल्याला वाटलं चक्कर आली, तिने पाणी दिलं. विदाने ते हातात धरलं आणि तसंच परत दिलं. बसमध्ये ती प्रार्थना म्हणत होती, पण दरवेळी 'आमच्या अपराधांची' इथपर्यंत आली की पुढचं सुचेना.

घरी गेल्या गेल्या खरं सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. दारात पाऊल टाकलं तर तियाना झोपलेल्या बाळाजवळ रडत बसलेली. आता सांगितलं तर हिला काय वाटेल, उद्या सांगू. विदाने काढा मागच्या दारी ओतून दिला, पातेलं राखेने घासलं आणि बडीशेपेचं पाणी उकळायला ठेवलं. उद्या आला. उद्याही आजीसमोर धीर झाला नाही. नंतर तर सांगण्याची गरजच उरली नाही, असं तिने स्वतःला पटवलं, कारण दूध हळूहळू परतू लागलं होतं. पूर्वीइतकं नाही, बाटलीची एक वेळ राहिलीच. बाळाला ती सोपी वाटायला लागली होती.

चाळिसावा दिवस झाला. आई-बाळाला देवळात नेऊन धर्मगुरूंकडून आशीर्वादाची प्रार्थना म्हणवून आणली. घरी पातळ पोळ्यांचे थर लावून चीजची गिबानित्सा भाजलेली, कोंबडीचं सूप, आणि मिलादिन घरी गाळलेल्या राकियाची बाटली घेऊन उभा. आळीतल्या बायका आल्या. रादोयका आली ती मोठी काचेची बरणी घेऊनच.

"माझी लेक परवा बाळंत झाली," ती म्हणाली. "विदाच्या काढ्यानेच तियानाचं दूध परत आलं, हे सगळ्या गावाला ठाऊक झालंय. भर बरणी."

"आमच्याही भाचीला थोडा," दुसरी म्हणाली आणि पिशवीतून बाटली काढली.

बडीशेपेचं पाणी भरून दिलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. विदाने बरणी घेतलीही. तेवढ्यात तियाना बोलली.

"तुमच्या लेकीला सांगा, रादोयका मावशी, माझ्यासारखं घाबरू नको म्हणावं. माझ्यातच काहीतरी कमी होतं. मी लाझारला सांगून टाकलंय, आता एकच मूल पुरे. पुन्हा एखाद्या बाळाला उपाशी ठेवायचं धाडस मला नाही होणार." हे सांगताना ती हसत होती. त्या हसण्यानेच विदाला घेरलं.

तिने बरणी टेबलावर ठेवली. "तुझ्यात काही कमी नव्हतं," ती म्हणाली. नेहमीपेक्षाही हळू बोलली, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. "तो काढा माझा होता. माझी पाळी गेलीय. अंगातून जाळ निघतो, त्यावर आणला होता. मला सांगायची लाज वाटली म्हणून तुझं नाव घेतलं. त्यानेच तुझं दूध आटलं. मला बाजारात कळलं, तेव्हाही मी बोलले नाही."

चमचे थांबले. पहिला आवाज मिलादिनचा आला.

"म्हणजे पाळणा नको?"

"नको," विदा म्हणाली.

तो लाकडांच्या पेटीवर बसला आणि पाहुण्यांसाठी भरलेला राकियाचा पेला स्वतःच प्यायला.

"एवढंच होतं तर मला सांगायचं की," क्रस्तिन्या आजी शेवटी म्हणाली. "मलाही व्हायचं. मी पहाटे अंगणात बर्फात जाऊन उभी राहायचे. सासऱ्यांनी विचारलं की सांगायचे, कोल्हा आलाय, कोंबड्या बघते."

मिलादिनने मान वर केली. "आई, त्या कोल्ह्यासाठी मी दोन हिवाळे बंदूक घेऊन गोठ्यात बसलो."

"तुला सर्दी झाली होती, आठवतंय," आजी म्हणाली. "आरपार वाऱ्याने."

बायका हसल्या. मग रादोयकाने इकडेतिकडे पाहिलं, टेबलावरची बरणी बोटाने विदाकडे सरकवली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "लेकीचं राहू दे. ती पहिली पुडी... घामाला खरंच उतार पडतो का गं?"

"पडतो," विदा म्हणाली.

"मग ती कुठे मिळते?"

दुसरीनेही बाटली पुढे केली. तिसरी म्हणाली तिला फक्त माहिती हवी आहे, बहिणीसाठी. बघता बघता वर्षानुवर्षांचे भिजलेले सदरे, उघड्या खिडक्या, नसलेले कोल्हे त्या टेबलाभोवती बाहेर आले, आणि मिलादिन शेळ्यांना पाणी दाखवायचं निमित्त काढून उठून गेला.

विदा मात्र सुनेकडे बघत होती. तियाना हसत नव्हती. तिने बाळाची टोपी नीट केली, एकदा केली, पुन्हा केली.

"मला तो कडू लागायचा, आई," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी ओतून द्यावासा वाटला होता. पण तुम्ही एवढ्या मायेने करताय असं वाटलं, म्हणून प्यायले. रोज देवाला विचारायचे, माझं काय चुकलं. तुम्ही तिथेच, माझ्या मागे, दिवा लावत असायचात."

विदा माफ कर म्हणाली, ते पोरीने मान हलवून घेतलं. माफ केलं असं म्हणाली नाही, आणि रागावलीही नाही. बाळाला दूध पाजायची वेळ झाली होती, ती आतल्या खोलीत गेली.

त्यानंतर घरात सगळं सुरळीत चाललं. तियाना पूर्वीसारखीच आई म्हणे, पूर्वीसारखीच भांडी विसळू लागे. विदाही पूर्वीसारखीच सकाळी तिच्यासाठी चहा करी. फरक एवढाच की कप पुढे केला की तियानाचा हात क्षणभर थांबे. तिलाही ते कळत नसावं. मग विदा कप स्वतःच्या ओठांना लावी, एक घोट घेई, आणि मग सुनेच्या हातात देई. बाळ दुडुदुडु चालायला लागलं, तरी तो पहिला घोट विदाच घेत होती.