कपडे गेले कुठं?

लहानू मास्तरांना टीव्हीतल्या माणसाच्या पँटची काळजी वाटायची.

रविवारी दुपारी माझ्या खोलीत आळीतली वीस-बावीस माणसं दाटीवाटीनं बसलेली असत. पडद्यावर एक साधाभोळा पोस्टमन. कुठंतरी बाई किंचाळली की तो भिंतीआड जाई, लखकन उजेड पडे आणि पलीकडून चमचमत्या घट्ट कपड्यांतला वीर छाती काढून बाहेर येई. पोरं टाळ्या पिटत. त्याच क्षणाला मास्तर उठून टीव्हीच्या पुढ्यात उभे राहत.

"थांबा, थांबा. कपडे गेले कुठं?"

"मास्तर, बसा हो खाली!"

"बसतो. पण खाकी सदरा, खाकी पँट, पट्टा, टोपी. चार नग झाले. टपालाची पिशवी वेगळीच. ठेवलं कुठं सगळं? भिंतीमागं खुंटी हाय काय?"

तोवर तिकडं पाच गुंड आडवे झालेले असत आणि ते कुणालाच दिसलेलं नसे.

नव्वदीच्या अखेरीला मी जव्हारच्या शाळेत नोकरीला लागलो, तेव्हा एस.टी. स्टँडकडं जाणाऱ्या रस्त्यावर लहानू मास्तरांच्या शिलाईच्या दुकानामागची खोली मला भाड्यानं मिळाली. इथं मास्तर म्हणजे शिंपी, आणि शिकवणारा तो गुरुजी. मला हे माहीत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ "मास्तर हायती का?" म्हणत आले, मी ऐटीत "मीच" म्हणालो, आणि त्यांनी माझ्या हातात पायजमा ठेवून दोन बोटं आखूड करायला सांगितलं.

मास्तर साखरशेतचे. रोज जीपनं येत, अकराच्या सुमाराला दुकान उघडत, आमच्या शाळेचे गणवेश शिवत आणि बाकीचा वेळ त्या वीराच्या कपड्यांचा विचार करत. हसण्यावारी नेलेलं त्यांना खपत नसे.

"आतून घातलेला असंल पोशाख," मी एकदा म्हणालो.

"मंग एवढ्या उन्हात टपाल वाटताना घाम नाय येत? आणि वरचे कपडे? ते उतरवावेच लागतात ना? सात बटणं हायती सदऱ्याला. मी मोजली."

त्यांनी माणसाला कपडे उतरवायला किती वेळ लागतो हे मोजायला सुरुवात केली. माप द्यायला कुणी आला की मला हाक येई, "गुरुजी, घड्याळ धरा!" बिचारं गिऱ्हाईक मुकाट्यानं सदरा काढी. एका तलाठ्यानं एका पायावर नाचत पँट काढली, तेव्हा मास्तर गंभीरपणे म्हणाले, "ह्याच्यावर गाव सोपवलं तर गाव बुडालं."

मग पत्र. ते मला लिहायला बसवलं, कारण "माझं अक्षर कापडावरच बरं दिसतं." मजकूर त्यांचा होता : 'आपल्या वीराचे शिंपी कोण ते कळवावे. बाकी काही नको. गाठ कुठे असते तेवढेच सांगावे.' मालिकावाल्यांचं उत्तर आलं नाही. मास्तरांना त्याचं वाईट वाटलं नाही. उलट आदर वाढला.

"धंद्याचं गुपित हाय. मी तरी कुठं सांगितलं असतं?"

शेवटी त्यांनी स्वतःच करून बघायचं ठरवलं. बटणं गेली, हूक गेले, टिचबटणं आली. एका सकाळी माझ्या सँडलचा खर्रकन उघडणारा पट्टा नाहीसा झाला आणि दुपारी तो मला एका सदऱ्याच्या बाहीवर सापडला. "ह्या पट्टीला गाठ लागत नाय, काज लागत नाय," मास्तर भारावून सांगत होते. मी उरलेला दिवस सुतळीनं सँडल बांधून शिकवलं.

त्या वर्षी शाळेच्या संमेलनासाठी मी एक नाटुकलं लिहिलं. त्यात एक गुरुजी लोकांच्या डोळ्यांदेखत वीर होतो. घट्ट निळा पोशाख घालायला शाळेतलं कुणी तयार होईना, म्हणून वीर मीच. मास्तरांचे डोळे लकाकले. पंधरा दिवस खपून त्यांनी एक पांढरा सदरा-पँट शिवला. दिसायला अगदी साधा. पण दोन्ही बाजूंनी टिचबटणं, आणि मानेपासून निघालेली एक बारीक नाडी उजव्या बाहीतून मनगटापाशी येई. नाडी ओढली की सगळं एकदम खाली. तालमीत बारा वेळा ओढली, बारा वेळा कपडे पायाशी.

संमेलनाच्या दिवशी भर दुपारी पटांगणावर मांडव. मी पांढरे कपडे घातले. आत निळा पोशाख घालायचा होता, पण उकाड्यानं जीव चालला होता. म्हटलं, नाटक तर शेवटी आहे, तेव्हा घालू. हा निर्णय माझा, मास्तरांचा नव्हे, हे मी आजही मान्य करतो.

आणि हेडमास्तरांनी माइकवरून पुकारलं, "पाहुण्यांचं स्वागत आपले नवे गुरुजी करतील."

मी शाल दिली, नारळ दिला. तालुक्याचे साहेब मोठे प्रेमळ. त्यांनी माझा हात सोडलाच नाही, दोन्ही हातांनी धरला आणि मनगटापासून जोरजोरात हलवला.

टिच, टिच, टिच, टिच.

सहाशे माणसांसमोर मी बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत उभा होतो. साहेबांच्या हातात माझा हात तसाच होता. आणि मागून एक आनंदानं फुटलेला आवाज आला :

"बघा! लखकन! एक सेकंद नाय लागला!"

लहानू मास्तर बाकावर उभे होते.

पुढचं सांगण्यात अर्थ नाही. साहेब चहा न घेता गेले. हेडमास्तरांनी सगळ्यांदेखत मास्तरांना झापलं. "शाळा म्हणजे तमाशा वाटला काय तुम्हाला? पुढल्या वर्षीपासून गणवेश दुसरीकडं!" मास्तरांनी माझे पडलेले कपडे गोळा केले, घडी घातली, पिशवीत ठेवले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद. तिसऱ्या दिवशीही. पाचव्या दिवशी मला राहवेना. हेडमास्तरांकडं जाऊन मी खरं काय ते सांगितलं, की ठरल्याप्रमाणे आतला पोशाख मी घातला असता तर पाहुण्यांना फार तर आश्चर्य वाटलं असतं. ते आधी चिडले, मग चड्डीचे पट्टे आठवून त्यांना हसू फुटलं. गणवेश मास्तरांकडंच राहिले. ती बातमी घेऊन रविवारी मी साखरशेतच्या जीपमध्ये बसलो.

मास्तरांचं घर कुडाचं, अंगण लख्ख सारवलेलं. मला वाटलं होतं, माणूस तोंड फिरवून पडला असेल. मास्तर ओटीवर हातमशीन घेऊन बसले होते आणि तोंडात दोरा होता. दाराशी त्यांची बायको बसली होती, बुधीवहिनी. मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. तिचा उजवा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा पडला होता.

"गुरुजी! या, या," मास्तर म्हणाले. "दुकानात यायला नाय जमलं. काम होतं."

मी गणवेशांचं सांगितलं. त्यांनी "बरं झालं" म्हणून मान हलवली आणि परत मशीन फिरवू लागले. माझी जीपभर घोकलेली माफी तशीच राहिली.

वहिनीच बोलली. "चार वरसं झाली, लकवा मारून गेला. पाय सुधारला, हात नाय. पैलं शेजारीण नेसवायची. ती भिवंडीला कामाला गेली, मंग रोज सकाळी हेच नेसवतात." ती हसली. "शिंपी हायती, पण लुगडं नेसवताना माझं बोचकं करतात."

दुकान अकराला का उघडतं, ते मला तेव्हा कळलं.

"सुटायचं जमलं होतं गुरुजी," मास्तर दोरा तोडत म्हणाले. "त्या दिवशी सगळ्यांनी बघितलंच. पण एका हातानं बांधायचं, ते जमत नव्हतं. त्या वीराला जमतं, मंग हिला का नाय? तुमच्या त्या कपड्यांची पिशवी घरी आणली, टिचबटणं उलटी फिरवली, तुमच्या सँडलचा पट्टा लावला." त्यांनी मशीनखालून हिरवं लुगडं ओढलं. निऱ्या आधीच घालून शिवलेल्या. वर तसंच पोलकं, पुढून पट्टीचं.

पलीकडच्या पाड्यावर वहिनीच्या भावाच्या पोरीचं लग्न होतं. वाजंत्री ऐकू येत होती. लकवा मारल्यापासून ती एकाही लग्नाला गेली नव्हती. दुसऱ्यानं नेसवून दिलेलं बायांनी बघायचं, हे तिला नको होतं.

तिनं डाव्या हातानं कपडे उचलले. "आत कुणी यायचं नाय," म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

आम्ही दोघं अंगणात बसलो. मास्तरांनी कोरा चहा केला. तो निवून गेला. आतून काहीतरी घसरल्याचा आवाज आला, मग भांडं पडलं. मी उठलो. मास्तरांनी माझा हात धरला.

"बसा. हाक मारंल तर जायचं."

हाक आली नाही. बऱ्याच वेळानं आतून पट्टीचा खर्रर्र आवाज आला, परत उघडल्याचा, परत लावल्याचा. मी सवयीनं मनगटाकडं पाहिलं.

"घड्याळ नका बघू गुरुजी," मास्तर हळूच म्हणाले. "लागू दे किती लागायचा तो वेळ."

वाजंत्री थांबली, पंगती बसल्या असाव्यात, पुन्हा सुरू झाली. मास्तर दाराकडं बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. नंतर लक्षात आलं, ते मनातल्या मनात शिलाई उसवून परत घालत होते.

दार उघडलं. वहिनी हिरव्या लुगड्यात उभी होती. कपाळावर घाम. पोलकं डाव्या खांद्यावर बोटभर वर चढलं होतं. मास्तरांची नजर तिथंच गेली. शिंप्याचा हात, तो आपोआप वर झाला. मग त्यांनी तो मागं घेतला आणि दोन्ही हात पाठीशी धरले.

"बरं दिसतं?" वहिनीनं विचारलं.

"बरं दिसतं," मास्तर म्हणाले.

"मंग चला की. गुरुजी, तुम्ही पण या, जेवूनच जा," ती म्हणाली आणि उंबरा ओलांडून वाजंत्रीच्या दिशेनं आमच्यापुढं चालू लागली.