पडलेल्याने पडून राहावे

पडण्याच्या बाबतीत आपल्याला कोणी शहाणपण शिकवू नये, असं प्लास्टररावांचं ठाम मत होतं! हाडांच्या दवाखान्यात वीस वर्षं लोकांच्या हातापायांना प्लास्टर घालणारा माणूस तो. दर रविवारी दुपारी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर राक्षस, किल्ले आणि फाशांचा खेळ रंगायचा. गोष्ट प्लास्टरराव सांगायचे. बायको तलवारबाज व्हायची, मेहुणा चोर आणि सासरे म्हातारा जादूगार.

एकदा मेहुण्याचा चोर शंभर फुटांवरून पडला आणि कपडे झटकून चालू लागला. प्लास्टररावांचं डोकंच फिरलं!

"खेळाच्या पुस्तकातला नियम आहे, भाऊजी," मेहुणा म्हणाला.

"चुलीत घाला पुस्तक! आमच्याकडे लोक पायरीवरून पडून तीन-तीन महिने येतात!"

त्यांनी स्वतःचा नियम लिहिला आणि भिंतीवर घड्याळाखाली उंच चिकटवला : 'उंची कितीही असो, हाड मोडलेच समजावे. पडलेल्याने सहा रविवार पडून राहावे. बोलू नये.'

पहिला बळी गेला सासऱ्यांचा. जादूगार बुरुजावरून घसरला. सासऱ्यांचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला. त्यांनी नियम दोनदा वाचला, चष्मा काढला आणि सरळ दिवाणावर जाऊन आडवे झाले.

"बाबा, तुम्ही नाही, तुमचं पात्र!"

"'पात्राने' असं कुठे आहे? 'पडलेल्याने' आहे. छापलं ते छापलं," म्हणून त्यांनी तोंड मिटलं.

पुढचा रविवारही तसाच गेला. बायको स्वयंपाकघरात फणकारली, "आई गेल्यापासून बाबा आठवडाभर भिंतींशी बोलतात. रविवारी काय ते तोंड उघडायचे, तेही तुम्ही बंद केलंत!"

प्लास्टररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मेहुण्यासमोर नियम मागे कसा घ्यायचा?

तिसऱ्या रविवारी बहीणभाऊ चहा करायला आत गेले. सासरे डोळे मिटून पडलेले. प्लास्टरराव पेन घेऊन गुपचूप स्टुलावर चढले. 'पडलेल्याने'च्या आधी 'पात्राने' एवढा एकच शब्द घुसवायचा होता! 'पा' लिहिला आणि स्टूल कलंडलं.

"मेलो! मोडला! पाय मोडला!"

मेहुण्याने त्यांना उचलून त्यांच्याच दवाखान्यात नेलं. अख्खा स्टाफ गोळा झाला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "काहीही मोडलेलं नाही. स्टूल किती उंच होतं?"

"दीड फूट," मेहुणा म्हणाला. सिस्टर तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं प्लास्टररावांना वाटलं.

घरी आले तर सासरे दिवाणावर उठून बसलेले, हातात भिंतीवरून फाटून आलेला कागद.

"जावईबापू," दोन आठवड्यांनी ते बोलले, "'पापडलेल्याने' म्हणजे कोणी?"

प्लास्टररावांनी मान खाली घातली. "चुकलो, बाबा. तुम्हाला उठवायलाच चढलो होतो."

"उठलोच की! आता नियम बदलला. मी नुसता पडलेला, पापडलेले तुम्ही! व्हा आडवे. आणि बोलू नये."

सासरे प्लास्टररावांच्या खुर्चीत बसले आणि अंधार पडेपर्यंत गोष्ट सांगत राहिले. बायको डोळे पुसत हसत होती. दिवाणावरचा माणूस एक शब्द बोलला नाही.

मेहुण्याच्या तोंडात मात्र तीळ भिजत नाही. दवाखान्यात आता त्यांना प्लास्टरराव कोणी म्हणत नाही. पापडराव म्हणतात!