न-१ कोण?

विमा कंपनीत खोटे दावे हुडकून काढणं हे त्याचं काम. बावीस वर्षांत त्यानं ते इतकं मनावर घेतलं होतं की ऑफिसात सगळे त्याला शंकासुर म्हणत. घरी मात्र शंका घ्यायला फारशी जागा नव्हती. बायको भूरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत संशोधक होती. सकाळी जायची, संध्याकाळी यायची आणि विहिरींच्या पाण्यात काय काय विरघळलेलं असतं ते सांगत भाजी चिरायची. तो 'हं, हं' करायचा. ऐकायचा नाही.

एका रविवारी नेलकटर सापडेना म्हणून त्यानं बायकोच्या पिशवीत हात घातला. नेलकटर होतं. त्याच्याबरोबर कागदाच्या अकरा पुड्याही होत्या, प्रत्येकीवर तारीख. एक उघडली तर आत कापलेली नखं. पुड्यांखाली वही, आणि वहीत बायकोच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं : 'न-१. आर्सेनिक : सतत वाढ. बाहेरून लक्षण काही नाही. अजून दोन महिने थांबून पाहावं.'

आर्सेनिक म्हणजे काय हे शंकासुराला ठाऊक होतं. दोन जुन्या दाव्यांत त्याच्याशी गाठ पडली होती. 'न' म्हणजे नवरा, हेही त्याच्या लगेच ध्यानात आलं. त्याला धक्का बसला तो पुढच्या आकड्याचा. एक लिहिलंय, म्हणजे दोनचाही विचार झालेला असणार.

पुरावा हाती येईपर्यंत संशयिताला जागं करायचं नाही, हा त्याच्या खात्याचा नियम. त्यानं पुड्या होत्या तशा ठेवल्या आणि संध्याकाळी चहा समोर आल्यावर बायकोला म्हणाला, "बाहेर कुणी हाक मारली का बघ गं."

ती दारापर्यंत जाऊन आली. तेवढ्यात त्यानं कप बदलले.

मग ते रोजचंच झालं. कधी दार वाजल्यासारखं व्हायचं, कधी गॅस चालू राहिल्याचा वास यायचा. जेवणात तो सालाच्या वस्तूंवर आला. केळी, संत्री आणि स्वतः उकडलेली अंडी. बायकोनं एकदा विचारलं, "अहो, पोळी का नको?"

"पोटाला विश्रांती देतोय."

तिनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. तेही त्यानं मनात नोंदवून ठेवलं. तिनं हल्ली निम्मा चहा हळूच बेसिनमध्ये ओतायला सुरुवात केली होती, तेही त्याच्या नजरेतून सुटलं नाही. कप बदलल्याचं तिला कळलंय, हाच त्याचा अर्थ होता.

तीन आठवड्यांत त्याचं वजन चार किलोनं उतरलं. हे विषानं की केळ्यांनी, ते त्याला ठरवता येईना. शेवटी त्यानं थोरल्या बहिणीला फोन लावला. ताईनं सगळं ऐकून घेतलं.

"मला पहिल्यापासूनच वाटत होतं," ती म्हणाली.

"काय वाटत होतं?"

"ते आत्ता नको. आधी पुरावा गोळा कर."

"तू येऊन राहा ना चार दिवस. दोघं मिळून लक्ष ठेवू."

"आणि जेवू काय? तुझ्याबरोबर केळी?" ताईनं पुढं सुचवलं, "त्यापेक्षा चहा तपासून घे कुठंतरी."

आर्सेनिक तपासणारी प्रयोगशाळा गावात एकच होती. ती बायकोची. पण गुरुवारी बायको पाण्याचे नमुने गोळा करायला विहिरींवर जायची. त्या गुरुवारी शंकासुरानं सकाळचा आपला चहा थर्मासमध्ये ओतला, ऑफिसात अर्धी रजा टाकली आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखांपुढं जाऊन बसला.

सर दगडांचे तज्ज्ञ होते. केस पांढरे, स्वभाव मऊ. समोरचा माणूस आपल्याच संशोधिकेचा नवरा आहे हे त्यांना माहीत नव्हतं आणि यानं सांगितलं नाही. ऑफिसचं ओळखपत्र दाखवून तो म्हणाला, "एका दाव्यासंबंधी आहे. चहात विष आहे का, एवढंच पाहायचंय."

"बिचारा," सर म्हणाले. "पिणारा जिवंत आहे का अजून?"

"आहे. पण त्याला भरवसा वाटत नाही."

सरांनी नमुना यंत्रावर लावायला दिला. आकडा यायला तासभर होता. "तोवर चहा घ्या," असं म्हणून त्यांनी स्वतः किटली चढवली. शंकासुराच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी राहिलं. परक्या माणसानं, कसलाही हेतू नसताना केलेला चहा त्याला तीन आठवड्यांत मिळाला नव्हता. त्यानं एक कप घेतला, मग दुसरा. सरांनी आग्रह केला म्हणून तिसराही.

"चव फार छान आहे," तो मनापासून म्हणाला.

"पाण्याचा गुण," सर म्हणाले.

तासाभरानं कागद आला. चहात आर्सेनिक नव्हतं, नावालाही नव्हतं. शंकासुर कागद उलटा करून मागची बाजू पाहत होता, तेवढ्यात दारात बायको उभी राहिली. चपलांना चिखल, हातात बाटल्यांची पेटी.

"तुम्ही इथं?" मग तिची नजर थर्मासवर गेली. "आणि हा आपला थर्मास?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यानं चौकशीचा आवाज लावला. "न-१ कोण?"

बायकोनं पेटी खाली ठेवली. "मी."

"तू?"

"न म्हणजे नमुना. विहिरींवरच्या लोकांच्या अंगातलं आर्सेनिक नखांत दिसतं. त्यांची नखं मागायची तर आधी आपली द्यावीत, म्हणून पहिला नमुना माझा. माझ्या अंगात आर्सेनिक असायचं कारणच नाही, विहिरीचं पाणी मी पीत नाही. तरी दर आठवड्याला वाढतंय." ती थांबली. "आता तुम्ही सांगा. तीन आठवडे माझे कप का बदलताय?"

शंकासुरानं हातातला कागद थर्मासखाली सरकवला.

"न-१ वाढतोय, आणि नवरा चोरून कप बदलतोय," ती म्हणाली. "तुम्ही चौकशी अधिकारी. तुमच्याकडे असा दावा आला असता तर काय लिहिलं असतं?"

त्यानं काय लिहिलं असतं ते त्याला चांगलंच माहीत होतं. तो ओशाळला. त्यानं पुड्यांचं, अंड्यांचं, ताईच्या फोनचं सगळं सांगून टाकलं. सर सभ्यपणे खिडकीबाहेर पाहत राहिले. बायको ऐकता ऐकता खुर्चीत बसली, आणि तिला हसू की रडू येतंय हे कुणालाच कळेना.

पण मग तो एकदम ताठ झाला. बायकोच्या अंगात विष होतं आणि ते कुणीतरी घालत होतं. हे तर त्याचंच काम.

"नखात दिसायला किती वेळ लागतो?"

"चार-सहा महिने."

"म्हणजे सुरुवात त्याच्या आधीची. घरी आपण दोघं एकच खातो-पितो. तू बाहेर काय घेतेस?"

"डबा घरचाच. इथं फक्त सरांनी केलेला चहा."

"किती?"

"चार-पाच कप."

"पाणी कुठलं?"

बायकोनं सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "मागच्या वर्षी फिल्टर बिघडला. तेव्हापासून मी त्या कोपऱ्यातल्या निळ्या कॅनमधून घेतो."

बायको उभी राहिली. "सर, तो विहीर क्रमांक चारचा कॅन आहे. सगळ्यात वाईट विहीर. त्यावर मी मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'कोणीही हात लावू नये.'"

"ते वाचलं मी," सर म्हणाले. "म्हटलं, चांगलं पाणी दिसतंय, कुणीतरी राखून ठेवलंय."

"दर गुरुवारी भरून आणते आणि पाणी कमी होत जातं; कॅन गळतो म्हणून मी तीनदा तक्रार केली."

"त्या तक्रारींवर माझीच सही आहे," सरांनी कबूल केलं. "पण मी पाणी उकळून घेत होतो."

"आर्सेनिक उकळून जात नाही, सर. दाट होतं."

संध्याकाळपर्यंत सरांचीही नखं कापून झाली होती. डॉक्टरांनी सगळ्यांना तपासलं आणि पाणी बदला, अंगातलं हळूहळू उतरेल, पाहुण्यानं तर काळजीच करू नये, असं सांगितलं. शंकासुर दवाखान्याच्या बाकावर बायकोशेजारी बसला होता. तेवढ्यात ताईचा फोन आला.

"काय निघालं?"

"ती निर्दोष आहे, ताई."

"आणि विष?"

"विष खरं होतं. मीही पिऊन आलोय."

"तिच्या हातचं?"

"नाही. तिच्या सरांच्या हातचं."

पलीकडे ताईनं सुटकेचा श्वास सोडला. "मग ठीक आहे," ती म्हणाली.