मुळे सरांची तीन कृष्णविवरं

"मिक्सर बंद करा! माझी तिघं लई जवळ आलीत!"

दारात अंगात बनियन, कमरेला लुंगी आणि कपाळावर घाम अशा अवताराचे एक गृहस्थ. माझ्या हातातलं चटणीचं भांडं सुटता सुटता राहिलं. आईनं घाबरून विचारलं, "कोण आलीत? जिन्यात आहेत का?"

"कृष्णविवरं, वहिनी. लाइट जरा हलली की काम तमाम."

उस्मानपुऱ्यातल्या या इमारतीत येऊन आम्हाला तेव्हा दोनच दिवस झाले होते. समोरचे मुळे सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेत आणि घरच्या संगणकावर तीन कृष्णविवरं सांभाळतात, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. ती एकमेकांभोवती फिरतात, एकमेकांना ओढतात, मधेच एखादं दुसऱ्याला गिळायला बघतं. कोट्यवधी वर्षांत त्यांचं काय काय होईल, याचं गणित संगणक रात्रंदिवस करत असतो.

"मग शेवटी काय होतं?" मी एकदा विचारून बसलो.

सरांनी मला हाताला धरून जिन्यात नेलं. वरच्या पायरीवरून एक चिंचोका सोडला, तो तिसऱ्या पायरीवर थांबला. दुसरा जरासा बाजूला सोडला. तो उड्या मारत खाली गेला आणि दूधवाल्याच्या उघड्या कॅनमध्ये पडला. दूधवाल्यानं वर बघून जे म्हटलं ते इथं लिहिता येत नाही.

"बघितलं? सुरुवातीला फरक किती? एवढासाच ना? तेवढाच पुरतो." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चहात साखर कमी पडली तरी हेच.

गेल्या नवरात्रात ते दोन दिवस बहिणीकडे सोयगावला गेले. किल्ली माझ्याकडे दिली. "इन्व्हर्टरवर नजर ठेवा. आठ महिन्यांचं गणित चालू आहे. मधे थांबवायची सोय नाय."

खंडेनवमीला सकाळी मी इन्व्हर्टर बघून आलो आणि किल्ली टेबलावर टाकून अंघोळीला गेलो. बाहेर येतो तर आई सरांच्या दारातून हळदीकुंकवाचं ताट घेऊन येत होती. चेहऱ्यावर पुण्य केल्याचं समाधान.

"बाई गं! बिचारं यंत्र आजपण राबत होतं. पोळ्याला बैलाला सुट्टी देतो ना आपण? बंद केलं, पुसलं, पूजा केली."

मी टॉवेलवरच सरांच्या घरात धावलो; पडदा काळा. आठ महिने! आईवर ओरडावं तर तिला अजून काही कळलंच नव्हतं. कळल्यावर ती जेवलीच नाही.

संध्याकाळी सर आले. मी जिन्यातच सगळं सांगून टाकलं. ते चपलांसकट आत गेले. दर सोमवारी छापलेले आकड्यांचे कागद भिंतीवर चिकटवलेले होते.

"हे शेवटचे आकडे घालून पुढं चालू करता येईल ना?" मी आशेनं विचारलं.

"कागदावर दशांशचिन्हापुढचे सहाच आकडे आहेत. आत सोळा होते." ते खुर्चीत बसले. "एवढासाच फरक ना? तेवढाच पुरतो. आता ही तिघं वेगळ्याच वाटेनं जातील. ती पहिली वाट गेली."

दारात आई उभी होती, डोळ्यांना पदर लावून. आता सर भडकणार, म्हणून मी दोघांच्या मधे जाऊन उभा राहिलो.

सर संगणकाच्या डब्यावरच्या हळदीकुंकवाकडे बघत होते. कुंकू थोडं ओघळून तिथंच वाळलं होतं. ते त्यांनी पुसलं नाही.

"ही असताना मी नवमीच्या आत गणित संपवायचो," ते म्हणाले. "नाय संपलं तर ही सरळ बटण बंद करायची. लई भांडायचो आम्ही. ही जाऊन तीन वर्षं झाली. नवमी कधी येते, कधी जाते, बघितलंच नाय मी."

मी शिव्यांची तयारी ठेवली होती, याची नाही.

सरांनी मान वर केली आणि आईला अगदी हळू आवाजात विचारलं, "वहिनी, पुढच्या वर्षीपण याल ना?"