लाल दोऱ्याचा बेडूक

बेडूक सांभाळण्यात अख्ख्या निजामाच्या मुलखात माझ्या तोडीचा माणूस नव्हता! हसू नका. हत्ती सांभाळणारे शंभर असतील. पण नुसती पाठ बघून बेडूक कोणत्या विहिरीचा ते सांगणारा मी एकटाच! मी म्हणजे मुंजाजी, परभणीच्या बन्सीधर डॉक्टरांच्या दवाखान्याचा जमादार.

डॉक्टर हैदराबादचे. दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्यांनी दोन रांजण ठेवलेले. एकात धडधाकट बेडूक, दुसऱ्यात लंगडे. लंगडे त्यांनीच केलेले! बेडकाच्या मांडीतली नस कापायची, केसाएवढ्या रेशमानं पुन्हा शिवायची, ओळखीला पायात लाल दोरा बांधायचा आणि रोज सकाळी टाचणी टोचून बघायचं, पाय हलतो का!

हा सगळा खटाटोप माझ्या दाजींपायी. लिंबाजी दाजींना गुडघ्याखाली विळा लागला, नस तुटली आणि पाऊल वाळक्या पडवळासारखं लोंबायला लागलं. डॉक्टर म्हणाले, "पहले मेंढक चलेगा, फिर लिंबाजी! बेडकाचा पाय हलला तर दाजीची नस शिवतो. नाहीतर गरिबाला उगी कशाला चिरू?"

पाच लंगड्यांतले चार मेले. एक उरला. दाजींचा पाय त्या एकावर आला.

त्या साली आषाढ सरत आला तरी आभाळ कोरडं ठाक. एका सकाळी कस्तुराअक्का आली. अक्का म्हणजे दाजींची बायको, माझी थोरली बहीण.

"मुंज्या, गल्लीतल्या बाया धोंडी काढायल्यात. पर बेडूक घावंना कुटं. तुज्याकडं हाय का एखांदा?"

"एखांदा? अक्का, बेडकांचा खजिना हाय माज्यापशी!"

धोंडी म्हणजे लिंबाच्या पाल्यात बेडूक गुंडाळून काठीला बांधायचा, पावसासाठी दारोदार फिरवायचा, लोकांनी वरून तांब्याभर पाणी ओतायचं. मी रांजणातला धडधाकट बेडूक काढला. तो उडाला तो थेट अक्काच्या अंबाड्यावर! दुसरा औषधाच्या बाटल्यांत. तिसऱ्यानं तर मलाच चकवलं. लंगडा मात्र निमूट बसलेला, सासुरवाशिणीसारखा. म्हटलं, चार घरं फिरून येईल! लाल दोरा सोडून खिशात घातला आणि बेडूक दिला.

"दुपारी परत आण बरं का!"

"बरं बरं!"

दुपारी अक्का आली ती ओलीचिंब, हातात नुसती काठी.

"बेडूक?"

"सोडला की नाल्याच्या डबक्यात."

"परत आण म्हणलं व्हतं न्हवं?"

"येडा हायस का रे? धोंडी पाण्यात सोडल्याबिगर पाऊस येतो व्हय?"

मी डबक्यात उतरलो. अंधार पडेस्तोवर चिखल चाळला. सापडलं काय? दोन जळवा आणि कुणाची तरी चप्पल!

मग मी करू नये ते केलं. धडधाकट बेडकाला लाल दोरा बांधला.

सकाळी डॉक्टरांनी टाचणी टोचली मात्र, बेडूक जो सुटला तो डॉक्टरांच्या टोपीवर! डॉक्टर नाचले. मला मिठी मारली. "वाह, मुंजाजी! कमाल हो गया! लिंबाजीला गुरुवारी घेऊन ये!"

गुरुवारी दाजी आंघोळ करून, नवा धोतरजोडा नेसून आले. अक्काच्या हातात नारळ. टेबलावर निजता निजता दाजी मला म्हणाले, "मुंजाजी, आता पोखर्णीच्या नरसिंहाला पायी जाणार बग मी! तुजे लय उपकार हायेत."

डॉक्टरांनी क्लोरोफॉर्मची बाटली उघडली. मी त्यांचा हात धरला.

"थांबा साहेब! ह्यो बेडूक त्यो न्हवं!"

डॉक्टरांनी बेडूक उताणा केला. मांडीवर टाक्याची खूण नाही! ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं बूच लावलं. "लिंबाजी, घर जाओ."

बाहेर अक्कानं मला गाठलं. "म्या नेलेला शिवलेला व्हता? आरं, मग त्याचा पाय तर हालला! पाणी लागल्याबरुबर दोनी टांगा झाडीत पल्याड गेला. म्या ह्या डोळ्यांनी बगितला!"

मी धावलो. "साहेब, नस जुळली! अक्कानं बघितलं!"

डॉक्टर रांजण रिकामे करत होते. "मुंजाजी, तू सूरज निकला बोला तो भी मैं बाहर जाके देखूँगा."

दिवाळीला दवाखाना बंद करून ते हैदराबादला गेले. पाऊस मात्र धोंडीच्याच आठवड्यात आला होता. गल्लीनं अक्काची ओटी भरली.

दाजी पुढं तीस वर्षं जगले. दुरूनच कळायचं, ते आले. टप्, सर्र. टप्, सर्र. मला त्यांनी एक वाकडा शब्द ऐकवला नाही. फक्त पावसाळ्यात अंगणात बेडूक दिसला की म्हणायचे, "मुंजाजी, बग रे, आपला हाय का?"

आणि नुसत्या पाठीवरून विहीर सांगणारा मी, खाली बसून त्याला उताणा करायचो.

दाजी गेले. आता कुणी म्हणत नाही. तरी बसतो.