जिवंत जनावरांची अडचण

जनावराचे आजारपण ही त्याची खासगी बाब आहे. मेल्यावरच ते सरकारी होते. या तत्त्वावर आमचा पशुवैद्यकीय दवाखाना उत्तम चालला होता.

दवाखान्याला इमारत होती, भिंतींना नवा रंग होता, जनावर अडकवून तपासायचा लोखंडी खोडा होता. (खोड्यात शिपायाची मोटरसायकल असे.) डॉक्टर मात्र नऊ दवाखान्यांना मिळून एक. एका माणसाला नऊ ठिकाणी असणे जमत नाही, म्हणून खात्याने त्यांना एकाही ठिकाणी नसण्याची मुभा दिली होती. उपचाराला मुदत नव्हती. मेलेल्या जनावराची तपासणी मात्र विम्यासाठी त्याच दिवशी व्हायला हवी. साहजिकच डॉक्टर मेलेल्यांकडे धावत. त्यामुळे प्रत्येक जनावराला एकदा तरी डॉक्टर मिळेच.

एका सकाळी दूधवाल्या मावशींची गाय अडली. वासराचा एकच पाय बाहेर आलेला. घर त्या एका गाईवर चाले. मावशींची सून दवाखान्याकडे पळाली.

"गाय जिवंत आहे?" शिपायाने विचारले.

"आहे की! म्हणून तर पळत आले."

"मग ताई, साहेब गुरुवारी येतील. आले तर."

"तोवर मरेल हो ती!"

"मेली की लगेच कळवा. साहेब कधी उशीर करत नाहीत."

सून हुशार. तिने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, "साहेब, गाय गेली हो आमची!" आणि चांगला गळा काढला.

डॉक्टर तडक गोठ्यात आले. गाईने मान वळवून त्यांच्याकडे पाहिले.

"अहो, ही तर जिवंत आहे!"

"तुम्हाला बघून धीर आला असेल तिला," मावशी म्हणाल्या. "आता आलाच आहात, तर हात घाला."

डॉक्टर चिडले, पण त्यांनी बाह्या सरसावल्या. (जिवंत जनावराला बऱ्याच दिवसांनी हात लागला; चेहरा जरा खुलला म्हणतात.) वासरू निघाले, गाय वाचली. फेरी मृत्यूसाठी मंजूर होती, म्हणून दप्तरी मात्र गाय मेली.

ही सोय सर्वांनाच पटली. वर्षभरात आमची सगळी जनावरे मेली आणि ठणठणीत झाली. खात्याने आकडे पाहिले: जिवंत जनावरे, शून्य. डॉक्टरांची जागा रद्द झाली.

मावशींची गाय पुन्हा गाभण होती. त्यांनी सभा बोलावली. 'डॉक्टर हवाच' यावर सगळे हात वर झाले. खात्याचा माणूस म्हणाला, "जागा देऊ हो, पण माणसं कुठून आणू? तुमच्यापैकी कोण आपलं पोर या शिक्षणाला घालतंय?" सगळे छताचा पंखा न्याहाळू लागले. मावशींची नात तेवढी उठली, "मी होणार गुरांची डॉक्टर." सभा पोट धरून हसली.

अडाणी माणसे, दुसरे काय! तुम्ही सुशिक्षित. तुमची मुलगी हेच म्हणाली तेव्हा तुम्ही मुळीच हसला नाहीत. मायेने तिला जवळ बसवून म्हणालात, "आधी माणसांच्या डॉक्टरीसाठी प्रयत्न कर, बाळा. नाहीच लागला नंबर, तर जनावरं आहेतच."